शंभराचा चढ

आमच्या पाटावर पाणी घड्याळावर मिळत नाही, पाढ्यांवर मिळतं. हसू नका. पाहुणे आधी हसतातच. मग सकाळी शेतावर येतात, दोन टक्कल पडलेली माणसं चिखलात समोरासमोर उभी राहून ‘बे एके बे’ ओरडताना बघतात आणि गप्प होतात.

ही सगळी करणी गुरुजींची.

पूर्वी घड्याळावरच चालायचं. शिंप्याचं घड्याळ पुढे, माझं मागे, आणि बाकीच्यांची मनगटावर नुसती शोभेला. माझं शेत पाटाच्या अगदी शेवटी, म्हणून मला सगळे ‘शेपूट’ म्हणतात. माझ्या वरच्या अंगाला शिंप्याचं. तो सकाळी शेत करतो, दुपारी कपडे शिवतो आणि दोन्हीकडे तोंड चालवतो. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून आमची जुंपली ती फावड्यावर गेली. त्याच्या कानाला अजून खूण आहे. चारचौघात बसला की टोपी वर करून दाखवतो, जसं काही मी त्याला बक्षीस दिलंय.

गुरुजी तेव्हा नुकतेच शाळेतून रिटायर झाले होते. त्यांचं शेत पाटाच्या तोंडाशी. पाणी पहिलं त्यांच्याकडे, त्यांना कसली काळजी? पण दुसऱ्या दिवशी आले छत्री घेऊन. बांधावर घमेलं पालथं घातलं, त्यावर बसले आणि म्हणाले, “घड्याळं काढा दोघंही.”

“मग वेळ कसा कळायचा?” मी म्हटलं.

“तोंड कशाला दिलंय? दोन ते तीस पाढे म्हणायचे. ते संपले की पाळी संपली.”

शिंपी म्हणाला, “ज्याची पाळी असेल तो गोगलगायीसारखं म्हणेल, गुरुजी. आणि ज्याला पाणी पाहिजे तो रेल्वेसारखं.”

“म्हणून दोघांनी म्हणायचं, शहाण्या. समोरासमोर, एका आवाजात. ज्याची पाळी संपायची तो आणि ज्याची यायची तो.” मग चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत म्हणाले, “वाट बघणारा चुकला तर तो पाढा पुन्हा पहिल्यापासून. पाणी घेणारा चुकला तर त्याचा तो पाढा बुडाला, पुढचा घ्यायचा. ज्याची चूक त्याचं नुकसान. आणि शेपटाची मोजणी पाणी त्याच्या वाफ्यात पोचल्यावरच सुरू. लांबच्याला वाटेतल्या पाण्याचा दंड नको.”

मी खाली मान घालून म्हटलं, “गुरुजी, मला पाचाच्या पुढे येत नाही.”

“मग शीक. पाणी कुठे पळतंय? पळतंय, पण शीक.”

असा मी शिकलो. मिशा आलेल्या, पोराचा बाप झालेला माणूस, गुडघाभर चिखलात उभा, आणि वर बांधावरून छत्रीचं टोक माझ्याकडे रोखलेलं. “सात सक?” मी गप्प. “बेचाळीस! म्हण!” त्या उन्हाळ्यात माझ्या चुकांवर शिंप्याची वांगी अशी पोसली की विचारू नका. पण पुढच्या उन्हाळ्यात माझं एकोणतीसपर्यंत पाठ होतं. पोट मागतं तेव्हा डोकं चालतं. माझ्या बायकोलाही त्यांनीच शिकवलं, कारण निम्म्या पाळ्या तीच धरते. ती पदर पुढे ओढून लाजायला लागली तर म्हणाले, “लाजायचं तर घरी. इथे चुकलीस तर मिरची वाळेल.”

आणि भांडणं? अहो, ज्या माणसासमोर उभं राहून, त्याच्या तोंडाकडे बघत सगळे पाढे एका आवाजात म्हणायचे, त्याच्याशी किती वेळ भांडणार? ‘दहा दाहे शंभर’पर्यंत राग निम्मा होतो. शिंप्याशी माझी दोस्ती ती तेव्हापासूनची.

गुरुजींना दमा त्या पहिल्याच वर्षी लागला, पुढे वाढत गेला. तरी यायचे. नवीन कुणी उभा राहिला की त्याच्याबरोबर स्वतः म्हणायचे. दहापर्यंत ठीक चालायचं. अकरापासून पुढे प्रत्येक पाढा शंभर ओलांडतो. तिथे आकडे मोठे, श्वास लांब लागतो. गुरुजी तिथे आले की थांबायचे. “तेरा साते एक्याण्णव...” की खोकला. दोन आखूड, एक लांब. मग छातीवर हात ठेवून “तेरा आठे चारोदरसे,” म्हणजे एकशे चार. चौदाला तसंच. पंधराला तसंच. त्याला ते हसून ‘शंभराचा चढ’ म्हणायचे. “चढ आला, थांबा जरा.” आम्ही थांबायचो. थांबता थांबता आमच्याही तोंडात तो खोकला बसला. कधी बसला, कुणालाच सांगता येणार नाही.

गुरुजी मागच्या थंडीत गेले. शेवटपर्यंत पाटावरची फळी त्यांच्याच घरी. पाटाच्या तोंडाशी ती फळी उचलली की पाणी आमच्याकडे वळतं, टाकली की बंद. इतकी मोलाची वस्तू त्यांच्या पडवीत खुंटीवर छत्रीशेजारी टांगलेली असायची, आणि कुणाला कधी शंका आली नाही.

तर यंदाचा उन्हाळा. पाटाला पाणी देणारं तळं तळाला गेलेलं. कडेची माती भेगाळून ताटाएवढ्या खपल्या सुटलेल्या. माझी मिरची ऐन फुलावर. आणि फुलावरच्या मिरचीला पाणी चुकलं की ती रागावत नाही, भांडत नाही, मुकाट्याने एकेक फूल खाली टाकते. वर्षाचं घर त्या मिरचीवर आमचं.

त्याच महिन्यात गुरुजींचा मुलगा कायमचा परत आला. लहान वयात गाव सोडून गेलेला, जन्मभर लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या, म्हणून सगळे त्याला ड्रायव्हर म्हणतात. माणूस वाईट नाही. पण कमी बोलतो, आणि बोलला की हॉर्न दिल्यासारखं बोलतो. सणासुदीला धावती भेट द्यायचा. पाण्याच्या दिवसांत कधी इथे नव्हता. बापाच्या शेवटच्या वेळेलाही गाडी घेऊन लांब होता, पोचला तोवर आटपलं होतं. ते त्याच्या गळ्यात अडकलेलं आहे, हे आम्हाला पुढे कळलं.

पहिल्या पाळीला त्याने फळी आणून दिली, आपलं शेत भिजवलं आणि बांधावर बसला. शिंप्याचं पाणी सुरू झालं, पुढची पाळी माझी. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो आणि सुरू झालो. दहा झाले. “अकरा नवे नव्व्याण्णव...” आम्ही दोघं मिळून खोकलो. दोन आखूड, एक लांब. “अकरा दाहे दाहोदरसे.” बाराला पुन्हा. तेराला पुन्हा.

ड्रायव्हर उठला. ताड ताड चालत आला. चेहरा लाल.

“काय चाललंय हे?”

“पाढे,” मी म्हटलं.

“ते कळतंय. खोकताय काय?”

आता इथे सरळ सांगायला पाहिजे होतं. पण शिंप्याच्या जिभेला हाड नाही. तो म्हणाला, “गुरुजींचा रियाज आहे तो!” आणि हसला. त्याचं बघून मलाही हसू फुटलं. नको त्या वेळी हसू फुटतं ते दाबता येत नाही.

ड्रायव्हरचा आवाज खाली आला, तो जास्त वाईट. “माझा बाप त्या खोकल्याने गेला. आणि तुम्ही इथे नकला करता? त्याच्याच शेताच्या बांधावर?”

“अरे, नक्कल नाही, ऐक तर—”

“ऐकलं. चांगलं ऐकलं.” तो गेला आणि पाटात फळी टाकली. पाटातलं पाणी बघता बघता उतरलं. शिंप्याचे वाफे अर्धे भिजलेले, माझ्याकडे थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने निरोप दिला. पाढेबिढे बंद. प्रत्येकाला सारखी मिनिटं, तो स्वतः मोबाइल लावून मोजणार. फळीपाशी बसून. शिंप्याला ते चाललं, त्याचं शेत मधलं. पण माझ्याकडे पाणी कोरड्या पाटातून रांगत येणार, वाटेत निम्मं जमीन पिणार, आणि पहिल्या सरीत जीभ लावतंय तोवर वर फळी पडणार.

मी जाऊन म्हटलं, “मला पोचल्यावर मोजायची रीत आहे.”

“सगळ्यांना सारखी मिनिटं, दादा. याहून न्याय कोणता?” त्याने मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही.

मग काय, सुरू झाली आमची डोक्यावरची वाहतूक. तळ्याच्या तळाला उरलेल्या डबक्यातून घागरी भरायच्या, चढ चढायचा, उताराला यायचं आणि एकेका झाडाच्या बुडाशी तांब्याने घालायचं. मी, बायको आणि सूनबाई. मुलगा टेम्पोवर जातो, तो संध्याकाळी येऊन चार खेपा मारायचा आणि तसाच भिंतीला टेकून झोपायचा. माझ्या खांद्याचं सालपट निघालं. बायकोच्या टाचा आधीच फुटलेल्या, त्यांत तापलेली माती जायची. जमीन पाणी प्यायची तेव्हा ‘चर्र’ आवाज यायचा, तव्यावर शिंपडल्यासारखा. आणि मागे वळून बघावं तर सरीत पांढरी फुलं पडलेली.

बायको घागर उतरवत म्हणाली, “हसायला कुणी सांगितलं होतं?”

“शिंपी हसला आधी.”

“शिंप्याचं शेत हिरवं आहे. हसू दे त्याला. तुम्ही कशाच्या जोरावर हसलात?”

 मी दुसरी घागर उचलली.

सूनबाई दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. गुरुजींना तिने आजारपणातच बघितलेलं. ती दुपारी झाडाखाली बसली होती, मान चोळत. म्हणाली, “मामंजी, एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“खोकायचं सोडून द्या ना मग. नुसते पाढे म्हणा. त्यांना खोकल्याचाच राग आहे, पाढ्यांचा नाही.”

मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे. इतकी सोपी गोष्ट. दोघांच्या डोक्यात मिळून आली नव्हती.

“त्यात काय,” मी म्हटलं, “नाही खोकणार.”

संध्याकाळी गुरुजींच्या घरी गेलो. ड्रायव्हर पडवीत बसून फळीला तेल चोळत होता. कडेचं लाकूड वाळून उकललं होतं तिथे बोटाने तेल जिरवत होता, अगदी मन लावून. खुंटीवर छत्री तशीच होती. मला बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच बोललो.

“उद्या माझी पाळी संपली की फिरून तुझीच पाळी. म्हणजे पाढे तू आणि मी म्हणायचे. एकदा गुरुजींच्या रीतीने होऊ दे. पाणी माझ्या वाफ्यात पोचलं की सुरू करायचं.”

“आणि खोकला?”

“नाही खोकणार.”

त्याने फळी उलटी केली. त्या बाजूलाही तेल चोळलं. मग म्हणाला, “पाढे मला येतात. बापाने घरात मारून पाठ करून घेतलेत. पण एकदा जरी तसला आवाज आला ना दादा, तर ही फळी मी फोडून चुलीत घालीन.”

“घाल,” मी म्हटलं. 

सकाळी पाणी सुटलं. रांगत रांगत आलं, तोंडाला फेस आणि पाचोळा घेऊन. पहिल्या सरीत शिरलं तसा मी ओरडलो, “आलं!” ड्रायव्हर माझ्यासमोर येऊन उभा राहिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पांढरेफटक. बायको फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे एक सरी भरली की माती ओढून पाणी दुसरीत वळवायला. सूनबाई पलीकडच्या टोकाला. शिंपी आपल्या बांधावर येऊन उभा, तोंडावर हात ठेवून, जणू स्वतःचाच पहारेकरी.

सुरू केलं. बे एके बे. त्याचा आवाज भरदार, बापासारखा. दहापर्यंत गाडी झक्क. “अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, अकरा नवे नव्व्याण्णव—”

आणि माझं तोंड उघडं राहिलं.

पुढचं येईना. खोकला घशापर्यंत आला होता, तो मी गिळला, आणि त्याच्याबरोबर पुढचा आकडाही पोटात गेला. ड्रायव्हर एकटाच पुढे गेला, “अकरा दाहे दाहोदरसे,” आणि माझ्याकडे बघत राहिला.

“चुकला तुमचा,” तो म्हणाला. “बुडाला. बारा.”

बारा. “बारा आठे शहाण्णव—” मी पुन्हा गप्प.  मनात शोधतोय, पायरी दिसतेय, पाय उचलत नाही. बुडाला. तेरा. “एक्याण्णव—” बुडाला. इकडे पाणी तिसऱ्या सरीत कुठे शिरतंय आणि माझे पाढे धडाधड बुडतायत. असेच तीसपर्यंत बुडाले तर निम्मी मिरची कोरडी राहणार.

“नाटक करताय?” ड्रायव्हरने विचारलं.

“देवाशप्पथ नाही. येत नाहीये.”

शिंपी ओरडला, “मी म्हणतो! चौदा एके चौदा...” भरभर म्हणत आला, “चौदा साते अठ्ठ्याण्णव” म्हणाला आणि खांबासारखा उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. पाण्याबाहेरच्या माशासारखं. जन्मात पहिल्यांदा शिंप्याला शब्द सापडेना.

ड्रायव्हर आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. मग बायकोकडे वळला. “वहिनी, तुम्ही तरी थट्टा करणार नाही. म्हणा पंधराचा.”

बायकोने फावडं रोवलं, पदर खोचला आणि म्हणायला लागली. स्वच्छ, शाळेतल्या मुलीसारखं. “पंधरा पाचे पंच्याहत्तर, पंधरा सक नव्वद—” आणि थांबली. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, खोकला दाबून दाबून.

“वहिनी?”

“भाऊजी,” ती म्हणाली, “रागावू नका. तो खोकला गाळला तर पुढचं येतच नाही. गुरुजींनी मला असंच शिकवलं. ते तिथे थांबायचे, खोकायचे, मग पुढचं सांगायचे. मला तर...” ती अडखळली. “मला तर वाटायचं पाढ्यातच असतो तो. सगळीकडे असाच म्हणतात.”

सूनबाईने पलीकडून डोळे मोठे केले. “आत्या, खरंच?”

“मला काय ठाऊक? मी दुसरी शाळा कुठे बघितली?”

 पाणी तेवढं बोलत होतं. ड्रायव्हरने खांद्यावरचा टॉवेल काढला, हातात पिळला, कोरडाच. मग पाटाकडे बघत, आमच्याकडे न बघता म्हणाला, “म्हणा. जसा येतो तसा.”

“सोळा?” मी विचारलं.

“अकरापासून. बुडालेले धरून.”

आम्ही सुरू झालो. “अकरा नवे नव्व्याण्णव...” मी खोकलो. बायको खोकली. शिंप्याने इतका वेळ दाबून ठेवलेला सोडला. आणि गंमत सांगतो, पलीकडच्या पाटावर कुणीतरी गवत कापत होतं, तिकडूनही खोकला आला. दोन आखूड, एक लांब. “अकरा दाहे दाहोदरसे.”

ड्रायव्हरने हात वर केला. मला वाटलं, गेली फळी चुलीत.

“लांब तो एवढा लांब नव्हता,” तो म्हणाला. “आखूडच होता. शेवटी थोडा घरघर आवाज. मी फोनवर ऐकायचो. गाडी बाजूला घेऊन.”

“ते नंतरचं,” शिंपी म्हणाला. “आम्ही शिकलो तेव्हा लांबच होता. पहिल्या वर्षीचा माल आहे हा, अस्सल.”

 ड्रायव्हरच्या तोंडाचा एक कोपरा हलला. “असेल,” तो म्हणाला. “तेव्हा मी नव्हतो.” मग समोर नीट उभा राहिला. “बारा.”

बारा झाला. पाणी चौथ्या सरीत गेलं. तेरा सुरू केला. “एक्याण्णव,” खोकला, आणि मी म्हटलं, “तेरा आठे चारोदरसे.” ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, “तेरा आठे पाचोदरसे.”

“चुकला!” शिंपी आनंदाने ओरडला. “वाट बघणारा चुकला! पुन्हा पहिल्यापासून!”

तेरा पुन्हा. पुन्हा चढ, पुन्हा आम्ही सगळे खोकलो. या वेळी त्याने बरोबर सांगितलं. चौदा. “अठ्ठ्याण्णव,” खोकला, “चौदा आठे बारोदरसे.” ड्रायव्हर म्हणाला, “तेरोदरसे.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान जराशी तिरकी केली होती, लांबून येणारी गाडी ओळखताना करतात तशी.

“पुन्हा,” मी म्हटलं.

पंधराला चुकला. सोळाला दोनदा चुकला. प्रत्येक वेळी चढ ओलांडल्यावर, त्याआधी कधी नाही. सरींमागून सरी भरत गेल्या. ज्या कोपऱ्यात गेली कित्येक वर्षं उन्हाळ्यात पाणी गेलं नव्हतं तिथे ते जाऊन पोचलं. मिरचीची पानं दुपारच्या आत ताठ झाली. बायको फावडं घेऊन इकडून तिकडे पळत होती, सूनबाई तिच्या मागे, आणि पळता पळता, कुणी शिकवलं नाही काही नाही, सूनबाईही आमच्याबरोबर थांबायच्या जागी थांबायला लागली.

“अहो, आता बस करा!” बायको ओरडली. “शेवटचा वाफा फुटला! भाऊजी, तुमच्या शेताचं काय?”

“आलोच वहिनी,” ड्रायव्हर म्हणाला, “एवढा एकोणीसचा नीट होऊ दे.”

झाला नाही. त्या दिवशी अकराबारा सोडले तर तीसपर्यंत एकही पाढा त्याला एका खेपेत आला नाही. गुरुजींच्या पोराला.